विषय: ग्रँट डफचा फलक, छपाईआधी एकदा बघा

नमस्कार मंडळी,
फलकाचा मजकूर असा: ‘मराठ्यांचा इतिहास लिहिणारे ग्रँट डफ पुढे ब्रिटिश खासदार व भारतमंत्री झाले.’ शुक्रवारी छपाईला जाणार. चूक असेल तर आजच सांगा.
– प्रदर्शन समिती

---

ताई, थांबवा! इथे बापलेक एक झालेत. इतिहास लिहिला जेम्स ग्रँट डफनं. प्रतापसिंह महाराजांच्या वेळी साताऱ्याला होता तो. ग्रंथ १८२६चा. खासदार झाला त्याचा मुलगा, जन्म १८२९. बापानं त्याला आपल्या जुन्या साहेबाचं, गव्हर्नर एल्फिन्स्टनचं, अख्खं नाव दिलं: माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ. घोळाचं मूळ तेच.

शिवाय तो भारतमंत्री कधीच नव्हता. ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या सरकारात डिसेंबर १८६८ ते १८७४ तो भारत खात्याचा अंडर-सेक्रेटरी, म्हणजे उपमंत्री. मंत्री होता ड्यूक ऑफ आर्गाइल.

---

काका, मग ‘उपमंत्री होते’ एवढ्यावर भागवू का? जागा कमी आहे.

---

नको, खरी गंमत तिथेच आहे. आर्गाइल पडला लॉर्ड, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहातला. लॉर्डाला कॉमन्समध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, बोलता येत नाही. म्हणून हिंदुस्थानावरच्या प्रश्नांना तिथे उत्तरं द्यायची उपमंत्र्यानं, आणि हिंदुस्थानचा जमाखर्च मांडायचाही त्यानंच. हिशेब दरवर्षी संसदेपुढे ठेवायचं बंधन १८५८च्या कायद्यानं घातलेलं, पण पैसा हिंदुस्थानच्या तिजोरीतला, त्यामुळे कॉमन्सनं मंजुरी द्यायचा प्रश्नच नाही. मग हा विषय निघायचा अधिवेशन संपता संपता, रिकाम्या बाकांपुढे. त्यावर हेन्री फॉसेट हा अंध खासदार तुटून पडायचा. १८७१मध्ये हिंदी अर्थकारणावर संसदीय समिती बसली, तिच्यापुढे १८७३मध्ये दादाभाई नौरोजींनी साक्ष दिली.

१८८०ला ग्रँट डफ वसाहत खात्यात गेला, पुन्हा उपमंत्री. मंत्री किंबर्ली, तोही लॉर्डच! कॅबिनेटची खुर्ची काही मिळाली नाही. १८५७पासून एल्गिन बर्ग्ज मतदारसंघाची जागा त्याच्याकडे होती (एल्गिन, बॅन्फ, पीटरहेड अशी विखुरलेली स्कॉटिश गावं, बॅन्फ तर बापाचं जन्मगाव). ती १८८१मध्ये सोडून तो मद्रासचा गव्हर्नर झाला. चेन्नईच्या मरीना किनाऱ्याला ते नाव त्यानंच दिलं. परत आल्यावर १८८७मध्ये दादाभाईंनी त्याच्या हिंदुस्थानावरच्या लेखाला दिलेलं खरमरीत उत्तर मात्र फलकावर हवंच.

---

त्याचं संसदेतलं एखादं वाक्य अवतरणात टाकू का? हॅन्सार्डमध्ये, म्हणजे संसदेतल्या भाषणांच्या छापील वृत्तान्तात, शोधते.

---

शोधा, पण ‘मिस्टर ग्रँट डफ’ म्हणून. ‘सर’ तो नंतर झाला. आणि अवतरणचिन्हं नकोत. शब्दशः हॅन्सार्ड १९०९पासूनचं. त्याआधीची भाषणं बरीचशी ‘ते म्हणाले की’ अशा थाटात, वर्तमानपत्रांवरून जुळवलेली. ‘हॅन्सार्डच्या वृत्तान्तानुसार’ लिहून आशय द्या. खाली तारीख टाका.