जीर्णोद्धार, जतन की नूतनीकरण?

रानवाट: जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात ख्रिस्ती कला संग्रहालय आहे, त्यावर दिवाळी अंकासाठी लिहितेय. जुन्या लाकडी संतमूर्तींवर जे काम करतात त्याला मी 'जीर्णोद्धार' म्हटलं. संपादकांनी खोडून 'नूतनीकरण' केलं. काम तर नेमकं उलट असतं. नंतर कुणीतरी फासलेले रंगाचे थर हलक्या हाताने खरवडून मूळच्या सोन्याच्या वर्खापर्यंत जायचं, वाळवीने पोखरलेलं लाकूड आतून घट्ट करायचं. बोट तुटलेलं असेल तर बहुधा तुटकंच राहू द्यायचं. शब्द सुचवा.

हेमाद्री: जीर्णोद्धार नकोच. आमच्या गावच्या देवळाचा झाला तेव्हा सागवानी सभामंडप गेला आणि गुळगुळीत टाइल्स आल्या. अजून चुटपुट लागते. 'जतन' लिहा.

शब्दवेडा: त्यात शब्दाचा काय दोष? 'जतन' हे 'यत्न'चंच रूप, अर्थ सांभाळणं. मोडलेलं सांधणं त्यात येत नाही. 'परिरक्षण' घ्या.

हेमाद्री: परिरक्षण कुणाच्या तोंडी आहे? सरकारी निविदेतसुद्धा 'जतन व संवर्धन' असतं.

शब्दवेडा: संवर्धन म्हणजे वाढवणं. झाडांचं होतं, गुरांचं होतं. मूर्ती वाढते का?

मांडवीकाठ: मुळात 'मूर्ती' कशाला? गोव्यात आम्ही 'इमाज' म्हणतो, पोर्तुगिजांकडून आलेला शब्द. आमच्या वाड्यावर सायबीण, म्हणजे मारिया मातेची इमाज, घरोघर फिरते, रोज नव्या घरी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होतो. इतक्या हातांनी, मेणबत्त्यांच्या धुराने ती काळवंडते. तो धूर पुसायचा की ठेवायचा? मला विचाराल तर थोडा ठेवावा, तीही भक्तीच आहे. हे ठरल्याशिवाय शब्द कसा ठरणार?

वसईवाला: मलाही 'मूर्ती' खटकतं. आम्हा ख्रिस्ती लोकांची पूजा मूर्तीला नसते. 'पुतळा' म्हणा.

रानवाट: पुतळा म्हटलं की चौक डोळ्यांसमोर येतो.

शब्दवेडा: फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूंनी मराठीत लिहिलेल्या क्रिस्तपुराणात स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलं! १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला छापलं ते. आणि हे संग्रहालयही १९९४ मध्ये रायतूरच्याच सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत, सुरू झालं, मठात आलं २००२ मध्ये. त्यांना वैकुंठ चाललं, तर आपल्याला मूर्ती का चालू नये?

वसईवाला: त्यांनीच पोर्तुगीज धर्मसंज्ञाही तशाच ठेवल्यात. सोयीचं तेवढं उचलू नका.

मांडवीकाठ: त्या संग्रहालयातला पेलिकन पाहिलात का कुणी? पवित्र भाकरीच्या पात्रावर बसलेला. पेलिकन चोचीने स्वतःची छाती फोडून पिलांना रक्त पाजतो अशी जुनी समजूत, म्हणून तो ख्रिस्ताच्या बलिदानाचं चिन्ह.

हेमाद्री: लेखात पेलिकन नको, 'झोळीवाला' लिहा.

शब्दवेडा: पाणकोळी.

हेमाद्री: पाणकोळी कुठला? तो पाणकावळा.

शब्दवेडा: पाणकावळा वेगळा, काळा असतो. विश्वकोश उघडून बघा.

रानवाट: अंक उद्या छपाईला जातोय. 'जतन' टाकू?

मांडवीकाठ: झोळीवाल्याची झोळी चोचीखाली असते ना? मग छाती फोडण्याची समजूत तिथूनच आली असेल का?