वरचा मरून वेगळा, खालचा वेगळा: कोरेल आणि फोटोशॉपचा मेळ कसा घालायचा?

साखरपेठ_डीटीपी

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या साखर पेठेत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं होतच असतात, पण खरी भाकरी टॉवेल-चादरवाल्यांवर: टॅग, स्टिकर, खोक्यावरची लेबलं.

परवा एका टॉवेलवाल्या शेठजींचा टॅग केला. लोगो पुण्याहून इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये आला होता. मरून, चार शायांचे टक्के असे: सायन ३०, मॅजेन्टा १००, यलो ८०, ब्लॅक ४०. टॉवेलच्या घडीचा फोटो मी फोटोशॉपमध्ये साफ केला, मागे तोच मरून भरला, त्यावरच बारीक अक्षरात धुण्याच्या सूचना टाइप केल्या आणि जेपीजी काढली. मग सगळं कोरेलमध्ये, म्हणजे पान मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवलं. वर मरूनची पट्टी, खाली फोटो. स्क्रीनवर जोड शोधूनही सापडत नव्हता. पीडीएफ काढून प्रेसला दिली, ५००० टॅग छापून आले.

शेठजी टॅग खिशात घालून स्कूटरवर आले. ट्यूबखाली धरला आणि म्हणाले, "हे काय बे? वरनं मरून, खालनं वीट?" मधोमध सरळ रेघ, जणू दोन टॅग चिकटवलेत. शिवाय सूचनांच्या काळ्या अक्षरांना लालसर कडा. प्रेसवाले म्हणतात तुझी फाइल, मी म्हणतो तुमचं मशीन. शेवटी फेरछपाईचा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेतला. चूक कुठे झाली ते अजून कळलेलं नाही. आकडे तर तेच टाकले होते की!

गड्ड्याच्या जत्रेची फ्लेक्सं डोक्यावर आहेत, त्याआधी कुणीतरी सांगा.

जुना_कागदवाला

आकडे तेच टाकलेस, पण ते तेच राहिले नाहीत. आता ती जेपीजी फोटोशॉपात उघड. खात्रीने सांगतो, ती आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या आकड्यांत आहे. मरून सीएमवायकेतून (छपाईच्या त्या चार शायांतून) आरजीबीत गेला, आणि कोरेलने पीडीएफ काढताना परत सीएमवायकेत आणला. जाताना एक हिशेब, येताना दुसरा.

हिशेब म्हणजे प्रोफाइल. शेंगा चटणीत 'दोन चमचे तिखट' लिहिलंय, पण कुठलं? ब्याडगीचं असेल तर रंग येईल, लवंगीचं असेल तर डोळ्यांतून पाणी येईल. मॅजेन्टा १०० हे फक्त 'दोन चमचे' आहेत. तिखट कुठलं ते प्रोफाइल सांगते. इलस्ट्रेटर, फोटोशॉप आणि कोरेल तिघांची तिखटं वेगळी ठरलेली असू शकतात, आणि आपण कधी बघतच नाही.

अडोबीचं (फोटोशॉप-इलस्ट्रेटरवाल्या कंपनीचं) नेहमीचं डिफॉल्ट सीएमवायके प्रोफाइल बघ: 'यू.एस. वेब कोटेड स्वॉप व्ही२'. वेब म्हणजे इथे इंटरनेट नव्हे, रोटरी. अमेरिकेतल्या रोटरी मशीनवर कोटेड कागदासाठी केलेला हिशेब. तुझा टॅग छापतोय आपला शीटफेडवाला, सुट्या शीटांवर छापणारा, आर्ट कार्डवर. गंमत आहे की नाही?

स्क्रीनवर जोड दिसला नाही याचंही कारण हेच. वरच्या पट्टीची शाईची कृती एक, फोटोतल्या मरूनची दुसरी: सायन थोडा जास्त, ब्लॅक थोडा कमी असं काहीतरी. प्रोफाइलच्या कागदावरच्या हिशेबात दोन्हींचा रंग जवळजवळ एकच येतो. मशीन त्या हिशेबाप्रमाणे चालत नसेल तर दोन्ही कृती आपापल्या वाटेने जातात, आणि मधे रेघ.

काळ्या अक्षरांचंही तेच. आरजीबीतलं निव्वळ काळं स्वॉपमध्ये गेलं की ७५, ६८, ६७, ९० होतं. चार शायांच्या चार प्लेटांवर एक बारीक अक्षर! रजिस्टर, म्हणजे प्लेटांची एकमेकींवरची जुळणी, केसभर हललं की कडेला लाल-निळं दिसणारच. टॅगवर बारकोड असता तर स्कॅनरनेही हात टेकले असते.

आता उपाय, आणि यातला पहिला बिनपैशाचा आहे. फोटोच्या मागे रंग भरूच नकोस. टॉवेल कापून घे, पार्श्वभूमी पारदर्शक ठेव, पीएसडी (फोटोशॉपची फाइल) कोरेलमध्ये आण आणि मरून फक्त कोरेलमध्ये भर. एक रंग एकाच ठिकाणी जन्मला पाहिजे. अक्षरंही तिथेच, ब्लॅक १००, बाकी तिन्ही शून्य.

मग प्रोफाइल एक करून घे. प्रेसला विचार कुठली हवी. त्यांना सांगता आली नाही (बहुधा येणारच नाही) तर आर्ट कार्डसाठी 'कोटेड फोग्रा ३९' धर. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-के दाबलं की कलर सेटिंग्ज उघडतात. कोरेलमध्ये कलर मॅनेजमेंटची सेटिंग्ज उघड, तिथे डिफॉल्ट आणि डॉक्युमेंट दोन्ही बघ. नुसतं डिफॉल्ट बदलून आधी केलेली फाइल बदलत नाही, तिथेच बरेच जण फसतात.

प्रोफाइल 'असाइन' करणं आणि प्रोफाइलमध्ये 'कन्व्हर्ट' करणं यात गल्लत करू नकोस. असाइन केलं की चमचे तेच, तिखटाचं नाव बदलतं, म्हणून रंग बदललेला दिसतो. कन्व्हर्ट केलं की चव राखायला चमचे बदलतात. ठरवून दिलेल्या लोगोच्या आकड्यांवर कन्व्हर्ट चालवलंस तर पुणेकर तुझ्या दारात येतील.

प्रेसवाले 'जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून सीडीआर (कोरेलची फाइल) दे' म्हणाले तर देऊ नकोस. २०१० च्या एक्स५ मध्ये कोरेलचं कलर मॅनेजमेंट मुळातून बदललं, त्याआधीच्या व्हर्जनमध्ये सेव्ह केल्यावर काय उरेल याचा भरवसा नाही. पीडीएफ/एक्स-१ए, छपाईसाठीची पीडीएफ, दे. त्यात आरजीबी चालतच नाही.

डिझायनर_जुळे_सोलापूर

आधी मॉनिटर कॅलिब्रेट करा हो. बाकी सगळं नंतर.

जुना_कागदवाला

करावा, नाही कोण म्हणतं? पण इथे मॉनिटर निर्दोष आहे. एकाच कागदावर दोन मरून आलेत, ते मॉनिटरने नाही छापले.

रंगखात्यातला

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सूत रंगवण्याच्या खात्यात आहे. कॉम्प्युटरमधलं मला फारसं कळत नाही, पण एक विचारतो: शेठजींनी टॅग ट्यूबखाली बघितला, तुम्ही कुठे बघितला होता?

आमच्याकडे शेड पास करताना सूत लाइट बॉक्समध्ये धरतात. दिवसाच्या उजेडाचा डी६५ दिवा, मग दुकानातल्या ट्यूबसारखा टीएल८४. एका दिव्याखाली जुळलेल्या दोन लड्या दुसऱ्याखाली फारकत घेतात. मरून आणि नेव्ही फार छळतात. छपाईवाल्यांचा ठरलेला उजेड डी५०, म्हणजे आमच्यापेक्षा जरा पिवळा. टॅग टॉवेलशी जुळवायचा असेल तर दोन्ही एकाच उजेडात बघा. दिवा नसेल तर सकाळी उत्तरेच्या खिडकीशी. उन्हात नको, आणि सोलापूरच्या उन्हात तर नकोच.

शेठजींकडून टॉवेलचा तुकडा मागून घ्या, फाइलला पिन करा. आमचे जुने मास्तर शेड कार्डाशिवाय बोलायचेच नाहीत. "मरून" म्हटलं की विचारायचे, "कुणाचा?"

साखरपेठ_डीटीपी

काका, जेपीजी आरजीबीच निघाली. लाज वाटली. पीडीएफ पुन्हा काढली आणि तिच्या फोटोतला मरून कोरेलच्या आयड्रॉपरने (रंगाचे आकडे दाखवणाऱ्या साधनाने) मोजला, ३०-१००-८०-४० कुठेच नाही. इलस्ट्रेटर आणि फोटोशॉप दोन्ही स्वॉपवर होते, कोरेल भलत्याच प्रोफाइलवर. तीन वर्षं असंच चाललंय, आणि आजवर बिंग फुटलं नाही कारण पत्रिकेवरचा गुलाबी कुणी मोजत नाही.

पार्श्वभूमी काढून टॅग नव्याने केला, मरून फक्त कोरेलमध्ये. प्रेसमध्ये स्वतः उभा राहिलो, पहिली पन्नास शीटं निघाली तेव्हा जोड शोधला. नाही सापडला. अक्षरंही स्वच्छ. मॅट लॅमिनेशन झाल्यावर मरून थोडा मंद झाला, पण वर-खाली सारखाच मंद, त्यामुळे शेठजी काही बोलले नाहीत.

फ्लेक्सवाल्याला प्रोफाइल विचारली तर म्हणाला, "आमचं सॉफ्टवेअर आपोआप करतं, तू फाइल पाठव." त्याच्याकडून हातभर पट्टीवर सहा मरून छापून घेतले, आकडे खाली लिहून. पाचवा जुळला, तो भिंतीला लावलाय.

रंगखात्यातले दादा, तुकडा आणायला गेलो होतो. शेठजी म्हणाले, पुढच्या लॉटला मरून जरा गडद घेतोय, गिऱ्हाइकाला तसा हवाय. नवा तुकडा सोमवारी देणार आहेत.