क्यूटचेस: वेळेवर हरलेले डाव आणि तेच तेच ओपनिंग, निकाल धरायचा का?

तिरका_उंट
माझ्या बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामची, म्हणजे इंजिनाची, नवी आवृत्ती जुनीशी क्यूटचेसच्या (इंजिनांचे सामने लावणारं साधन) कमांड लाइनवर लढवली. प्रोसेसर ६ कोअर, १२ थ्रेडचा. कंकरन्सी (एकाच वेळी चालणारे डाव) १२, वेळ ५ सेकंद + दर चालीला ०.०५, हॅश (शोधासाठीची मेमरी) ६४ एमबी, थ्रेड १, ओपनिंगची फाइल दिलेली नाही. २०० डावांत नवीला १०८ गुण. पण १७ डाव वेळ संपल्यामुळे गेलेत, आणि पीजीएन (डावांच्या चालींची फाइल) चाळली तर कित्येक डाव विसाव्या चालीपर्यंत हुबेहूब सारखे. नवी आवृत्ती सरस म्हणायची का?

अडीच_घरं
इतक्यात नको. १०८ गुण म्हणजे ५४ टक्के, साधारण २८ एलो (ताकदीतला फरक मोजायचं एकक). निम्मे डाव बरोबरीत सुटत असतील तर २०० डावांवर ९५ टक्के खात्रीची कक्षा ±३४ च्या आसपास असते. म्हणजे शून्य त्या कक्षेतच बसतं. तेही सगळे डाव वेगळे धरले तर! एका थ्रेडवरचं इंजिन त्याच स्थितीत तेवढाच शोध घेतं तेव्हा तीच चाल देतं, त्यामुळे तुमच्या २०० डावांतले खरे डाव किती हे आधी मोजा.

ओपनिंगची फाइल द्या, ऑर्डर रँडम, रिपीट चालू, गेम्स २. मग प्रत्येक सुरुवात दोनदा खेळली जाते, दुसऱ्या वेळी पांढरी-काळी बदलून. फाइल ईपीडी (नुसत्या पटावरच्या स्थितींची) असेल तर फॉरमॅटही ईपीडीच लिहा, पीजीएन असेल तर प्लाइज (दोन्ही बाजूंच्या मिळून चाली) १६ पुरे. स्टॉकफिश या इंजिनाच्या ओपनिंग पुस्तकांच्या रिपॉझिटरीत दोन्ही प्रकार मिळतात. तगड्या इंजिनांना यूएचओ या संग्रहातल्या असमतोल सुरुवाती बऱ्या, समतोल सुरुवातींत ती बरोबरीच करत बसतात.

कंकरन्सी १२ मात्र चूकच. खरे कोअर ६ आहेत, ५ ठेवा. एका कोअरवर दोन इंजिनं भांडली की घड्याळ कोणाचंच खरं राहत नाही.

शून्य_खिडकी
कंकरन्सी कमी करूनही वेळ संपत राहिला तर दोष इंजिनात आहे. शोधात घड्याळ किती नोडनंतर (तपासलेल्या स्थितींनंतर) बघता? दर १० लाख नोडनंतर बघत असाल आणि वेग सेकंदाला १५ लाख असेल, तर दोन तपासण्यांत ०.६७ सेकंद जातो. ०.०५ च्या वाढीवर जगणाऱ्या डावात तेवढ्यानं मान जाते. दर २०४८ नोडनंतर बघा.

दुसरी नेहमीची खोड बफरची. टर्मिनलवर ‘बेस्टमूव्ह’ (इंजिनानं निवडलेली चाल) लगेच दिसतं, पण पाइपमधून जाताना ते बफरमध्ये अडकतं. प्रत्येक ओळीनंतर फ्लश करा. डिबग पर्याय लावला की दोन्हीकडचा संवाद दिसतो, उशीर कुठे होतो ते तिथेच कळेल. टाइममार्जिन (वेळ संपल्यावरची सवलत) वाढवून डाव वाचतील, पण रोग झाकला जाईल, म्हणून आधी तो शून्यच असू द्या. रिझाइनचा नियमही सध्या नको: मूल्यांकनात बग असेल तर इंजिन जिंकतानाही डाव सोडेल.

अडीच_घरं
भर घालतो. डावांची संख्या आधी ठरवण्यापेक्षा एसपीआरटी (पुरेसा पुरावा मिळाला की थांबणारी चाचणी) लावा: ताडून बघायचे दोन फरक एलो० = ०, एलो१ = ५, चुकीच्या निकालाची शक्यता, म्हणजे अल्फा आणि बीटा, ०.०५. एलएलआर (जमलेल्या पुराव्याचा आकडा) +२.९४ ला पोचला की बदल पास, −२.९४ ला नापास. राउंड्स २०,००० लिहून ठेवा, चाचणी आपोआप थांबते. मधेच आकडा आवडला म्हणून हातानं थांबवली तर सगळं गणित वाया.

फास्टचेस हे असंच दुसरं साधनही बघा, फिशटेस्ट (स्टॉकफिशची चाचणी यंत्रणा) आता त्यावरच चालतं. ते डाव जोडीनं मोजतं, म्हणून एकाच सुरुवातीच्या दोन डावांतला संबंध हिशोबात येतो. फक्त एलो मोजायचं मॉडेल लॉजिस्टिक की नॉर्मलाइज्ड ते पाहून घ्या, एलो१ च्या ५ चा अर्थ दोन्हींत वेगळा.

तिरका_उंट
घड्याळच होतं, तपासणी दर ५ लाख नोडनंतर होती. २०४८ केल्यावर कंकरन्सी ५ वर ४०० डावांत वेळेवर एकही हार नाही. एसपीआरटी लावली आहे, एलएलआर सध्या ०.८ वर आहे.