तिसरी-चौथीत दोन कविता शेजारी ठेवून वाचायच्या आहेत: जोड्या आणि पद्धत सुचवा

फळा_डस्टर (धागाकर्ता)

तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग, पट ३८, तास ३५ मिनिटांचा, शाळा हडपसरला. मुलं कविता चालीवर झकास म्हणतात, हावभावांसकट. पण दोन कविता पुढे ठेवून "काय सारखं, काय वेगळं?" असं विचारलं की उत्तरं ठरलेली: "ही लहान, ती मोठी" किंवा "दोन्ही छान आहेत". पुढे काही नाही.

जोड्या कोणत्या घ्याव्यात, वर्गात नेमकं काय करावं आणि हे वर्षभर कंटाळा न येता कसं चालवावं, हे हवंय. प्रोजेक्टर नाही. झेरॉक्सला पैसे जेमतेम.

निंबोणी

"ही लहान, ती मोठी" असं उत्तर आलं की आधी जोडी तपासा. एक कविता देशावर, दुसरी मांजरावर असेल तर मुलांना बोट ठेवायला जागाच मिळत नाही. दोन्हींत एक गोष्ट ठळकपणे सारखी हवी आणि एकच गोष्ट ठळकपणे वेगळी. बाकीचे बारकावे मुलं नंतर स्वतः काढतात.

सुरुवातीला "चांदोबा चांदोबा भागलास का" आणि "निंबोणीच्या झाडामागे चंद्र झोपला गं बाई" ही जोडी घ्या. दोन्ही बऱ्याच मुलांच्या कानावरून गेलेली असतात, त्यामुळे वाचताना अडखळण्यात शक्ती जात नाही. चंद्र तोच, झाडही तेच. झाडाचं तुम्ही सांगू नका, कोणीतरी ओरडतंच, आणि त्या क्षणाला वर्ग जागा होतो. मग एकच प्रश्न: "कोण बोलतंय आणि कोणाशी?" एकीकडे मूल थेट चांदोबाशी बोलतंय. दुसरीकडे आई बोलतेय, तीही चंद्राशी नाही. एका चंद्राला "लपलास का" असं विचारलंय, दुसरा झोपलाय. एवढं निघालं की पहिला तास वसूल.

पहिली-दुसरीला हेच "इथे इथे बस रे मोरा" आणि "नाच रे मोरा" यांच्यावर करता येतं. एका मोराला बसायला सांगितलंय, दुसऱ्याला नाचायला. का?

आता साहित्य. २२ × २८ इंचाची दोन कार्डशीट आणा, एक फिकट पिवळं, एक फिकट गुलाबी. लांबीच्या दिशेने ३ इंच रुंदीच्या पट्ट्या कापल्या तर एका शीटमधून ७ निघतात. एका पट्टीवर एक ओळ, अक्षर किमान दीड ते दोन इंच उंच, काळ्या मार्करने. गडद निळं किंवा हिरवं शीट घेऊ नका, शेवटच्या बाकावरून काही दिसत नाही. रंगावरून कविता ओळखू येते, त्यामुळे पट्ट्या मिसळल्या तरी घोळ होत नाही.

खेळाच्या दोन रिंगा जमिनीवर एकमेकींवर चढवून ठेवा (नसतील तर खडूने गोल काढा). मधला भाग चांगला हातभर रुंद ठेवा. फळ्यावर हीच आकृती काढली तर मधली जागा नेहमी चिंचोळी होते आणि सारखेपणा लिहायला जागाच उरत नाही. मुलं चिठ्ठ्यांवर लिहून रिंगांत ठेवतात. नियम एकच: चिठ्ठी ठेवताना पट्टीवर बोट ठेवून ओळ दाखवायची. ओळ नाही तर चिठ्ठी नाही.

मधल्या भागात "दोन्हींत शब्द आहेत", "दोन्ही मराठीत आहेत" असलं काहीतरी येणारच. हसू नका, घ्या. मग विचारा, "हे तिसऱ्या कुठल्याही कवितेला लागू पडेल का?" पडत असेल तर ती चिठ्ठी कोपऱ्यातल्या "सगळ्याच कवितांचं" या डब्यात. दोन-तीन आठवड्यांत मुलं एकमेकांच्या चिठ्ठ्या स्वतःच त्या डब्यात टाकायला लागतात.

आणि चाल काही दिवस बंद ठेवा. चालीवर म्हटलं की ओळी एका दमात वाहून जातात, अर्थाकडे लक्ष राहत नाही.

आठवी_टाळी

चाल बंद करा हे मान्य, पण ताल बंद करू नका. या वयात तुलनेचं सगळ्यात सोपं हत्यार टाळी आहे. अर्थ सांगता न येणारं मूलसुद्धा कुठली कविता पळते आणि कुठली चालते हे हाताने सांगतं.

बहिणाबाईंचं "अरे खोप्यामधी खोपा / सुगरणीचा चांगला" घ्या. प्रत्येक अक्षराला बोट मोजायचं. पहिल्या तुकड्यात आठ, दुसऱ्यात आठ, पुढेही आठ-आठ. हमखास चूक: मुलं जोडाक्षराचे दोन धरतात. "प्या" हे एकच. तोंडातून एकदा बाहेर पडलं की एक, एवढंच सांगा, व्याकरणात शिरू नका.

मग बालकवींचं "श्रावणमासी हर्ष मानसी हिरवळ दाटे चोहिकडे / क्षणात येते सरसर शिरवे क्षणात फिरुनी ऊन पडे". इथे अक्षरं मोजली की गणित फसतं. "श्रावणमासी" पाच, "सरसर शिरवे" सात. मुलं गोंधळतात, आणि तेच हवंय. आता अक्षरं सोडून टाळी द्या: श्रावणमासी, हर्ष मानसी, हिरवळ दाटे, चोहिकडे, प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला एक. टाळ्या समान अंतराने पडतात. मग सात अक्षरं पाचांच्या जागेत बसली कशी? "श्रा", "मा", "सी" लांब आहेत. "सरसर शिरवे"त शेवटचा "वे" सोडला तर सगळी आखूड, म्हणून ती भरभर पळतात. सर जशी येते तशीच ओळ येते. मात्रा हा शब्द चौथीत काढायची गरज नाही, लांब-आखूड पुरे.

तर एक कविता अक्षरं मोजून चालते, दुसरी लांबी मोजून. वहीत ही तुलना एका वाक्याची असते, पण मुलांनी ती हाताने केलेली असते.

बेंचवर टाळी नको, मांडीवर थाप. ३८ मुलांच्या बाकांचा आवाज झाला की शेजारचा वर्ग तक्रार घेऊन येतो.

बाभळीवरचा_खोपा

आठवी_टाळी यांनी खोप्याची कविता काढलीच आहे तर तिचा आणखी एक उपयोग. तुलना दर वेळी दोन कवितांचीच हवी असं नाही, एकाच कवितेतल्या दोन ओळींचीही होते. आधी झोका झाडाला टांगलेला आहे. पुढे तिचा जीव टांगलेला आहे. मुलांना फक्त विचारा: "टांगला" हा शब्द किती वेळा आला आणि प्रत्येक वेळी काय टांगलंय? चौथीतली मुलं यावर बराच वेळ बोलू शकतात, मध्ये पडू नका.

दुसरी जोडी कविता आणि परिसर अभ्यास यांची. सुगरण पक्ष्यावर पाच-सहा वाक्यांची माहिती तुम्हीच लिहून द्या आणि कवितेशेजारी ठेवा. खरं तर खोपा विणतो नर. मादी येऊन पसंत करते, मग पुढचं काम. कवितेत सगळं श्रेय तिला आहे. कोणीतरी म्हणेलच, "मग कविता चुकली!" तिथे निवाडा देऊ नका. माहितीत काय आहे जे कवितेत नाही, आणि कवितेत काय आहे जे माहितीत नाही, अशा दोन याद्या करायला लावा. पिलांमधला जीव दुसऱ्या यादीत येतो. जुलै-ऑगस्टमध्ये घेतलं तर उत्तम, पुण्याबाहेर विहिरींवरच्या बाभळींना तेव्हा खोपे लागलेले असतात.

खानदेशी बोली पुण्याच्या मुलांना पहिल्यांदा ऐकताना अडते. आधी दोनदा तुम्ही वाचा, मगच त्यांच्या हातात द्या. प्रमाण मराठीत बदलून मात्र देऊ नका, आठाचा हिशोब मोडतो.

फळा_डस्टर

खूप उपयोगी. दोन अडचणी. एक, ३५ मिनिटांत हे सगळं? दोन, वर्गातल्या बऱ्याच मुलांची घरची भाषा कन्नड, हिंदी किंवा गोरमाटी (बंजारा समाजाची बोली). बडबडगीतं सगळ्यांना माहीत असतीलच असं नाही.

निंबोणी

३५ मिनिटांत सगळं बसत नाही. सोमवार ते गुरुवार रोज परिपाठानंतर दहा मिनिटं आणि शुक्रवारी एक पूर्ण तास, असं लावा. सोमवारी पहिली कविता नुसती ऐकायची, डोळे मिटून, दोनदा, प्रश्न एकही नाही. मंगळवारी तीच मुलांनी वाचायची, तीन आवाजांत: कुजबुजत, ओरडून आणि झोपाळू. चांदोबा ओरडून वाचला की मुलांनाच कळतं काहीतरी बिनसलंय. बुधवारी आणि गुरुवारी दुसरी कविता, तशीच.

शुक्रवारी पहिली ५ मिनिटं दोन्ही वाचायची. मग सहा गट (सहाचे चार, सातचे दोन), १० मिनिटं चिठ्ठ्या, गटाला चारच. जास्त दिल्या की संख्येची शर्यत लागते आणि फालतू चिठ्ठ्या वाढतात. पुढची १५ मिनिटं रिंगा आणि ओळ दाखवणं. उरलेल्या ५ मिनिटांत प्रत्येकाने वहीत एक वाक्य: "दोन्हींत ___ आहे, पण पहिलीत ___ आणि दुसरीत ___." हा साचा फळ्यावर महिनाभर राहू द्या. तोंडी भरभर बोलणारं मूल लिहिताना "पण"पाशीच अडकतं, म्हणून तो शब्द आयता द्यायचा.

महिन्यात दोनच जोड्या. दर आठवड्याला केलं की डिसेंबरपर्यंत रिंगा बघूनच मुलं जांभया देतील.

पुस्तकपेटी

घरच्या भाषेचा मुद्दा अडचण वाटतो, पण पावसाच्या जोडीला तोच कामी येतो. "ये रे ये रे पावसा, तुला देतो पैसा" हे एक टोक. मुलांना सांगा, घरी पावसाला काय म्हणून बोलावतात ते विचारून या. कन्नड घरातून "हुय्यो हुय्यो मळेराया" येण्याची शक्यता आहे, त्यात फुलांच्या बागेला पाणी नाही म्हणून पावसाला बोलावलंय. मराठीत पैशाचं आमिष, तेही खोट्या पैशाचं! इथे तुलना आपोआप होते: पावसाला बोलावताना कोण काय कारण देतं? त्या मुलाने गाणं आपल्या भाषेत म्हणायचं, मग अर्थ सांगायचा. मराठीत म्हणायचा आग्रह नको. त्या दिवशी वर्गात तज्ज्ञ तोच.

सेमी इंग्रजीचा वर्ग असेल तर "रेन रेन गो अवे" शेजारी ठेवा. तिथे पावसाला घालवतायत. का, याचं उत्तर मुलं हवामानावरून काढतात. फक्त त्याचं "आपली संस्कृती, त्यांची संस्कृती" असं भाषण करू नका, कविता बाजूला राहते.

मोठ्यांच्या गटाला चौथी बाजू: "सांग सांग भोलानाथ". इथे पावसाशी कोणी बोलतच नाही, विचारणा भोलानाथाकडे, आणि पाऊस हवाय तो सुट्टीसाठी.

नवरात्राच्या आसपास भोंडला घ्या. "अक्कणमाती चिक्कणमाती" प्रत्येक घरी थोडं वेगळं म्हणतात. दोन आज्यांचे दोन पाठ लिहून आणायला सांगा आणि ओळीसमोर ओळ ठेवा. कुठे शब्द बदललाय, कुठे ओळच गळलीय? कविता एकच असल्यामुळे मागे पडलेली मुलंही यात भाग घेतात. त्यातली साखळीही दाखवा: आधीच्या ओळीत जे आलं ते पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. "बरोबर कुठलं" असं विचारतील. दोन्ही.

पैशाबद्दल: झेरॉक्स लागणारच नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात आणि १९७१ पासून निघणाऱ्या "किशोर" मासिकाचे जुने अंकही ऑनलाइन वाचायला आहेत. फोनवर वाचा, पट्ट्यांवर उतरवा. जुन्या अभ्यासक्रमाची पुस्तकं हवी असतील तर अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या दुकानांत विचारा, पण जूनमध्ये नको, तेव्हा नवीन पुस्तकांच्या गर्दीत कोणी बोलायला मोकळं नसतं.

आठवी_टाळी

आकारिक मूल्यमापनाची (शिकता-शिकता वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाची) नोंद करताना "कविता तालासुरात म्हणतो" एवढ्यावर थांबू नका. "मताला ओळीचा आधार देते", "दोन कवितांतला एक फरक पूर्ण वाक्यात लिहितो" अशा नोंदी करा. नंबर मात्र काढू नका. कुठली कविता जास्त चांगली हे मतदान वर्षात एखाद्या वेळी ठीक. दर वेळी घेतलं की मुलं कविता न वाचता मित्राकडे बघून हात वर करतात.

फळा_डस्टर

चांदोबापासून सुरू करतो. पट्ट्या किती दिवस टिकतात?

निंबोणी

वर्षभर सहज, जपल्या तर. मार्कर पर्मनंटच घ्या. व्हाइटबोर्डचा असेल तर पावसाळ्यात ओल्या हातांनी अक्षरं पुसली जातात. गुंडाळून ठेवू नका, नंतर जमिनीवर सरळ राहत नाहीत. साडीच्या खोक्यात आडव्या ठेवा, बसत नसतील तर कापडी पिशवीत घालून कपाटामागे उभ्या. मागच्या बाजूला पेन्सिलीने ओळीचा क्रमांक घाला, म्हणजे एखादी हरवली तर कुठली ते लगेच कळतं.