मॉडबस आरटीयू: सीआरसी जुळत नाही, तपासणी काढून टाकू का?

खटपट्या: आरएस-४८५ वर (दोन तारांची सिरियल लाइन) तीन एनर्जी मीटर आहेत, मॉडबस आरटीयू या पद्धतीने संदेश जातात, वेग ९६०० बॉड, ईव्हन पॅरिटी (प्रत्येक बाइटसोबतचा एक तपासणी-बिट). उत्तर येतं पण सीआरसी (संदेशाच्या शेवटी दोन बाइटांत जाणारा तपासणीचा आकडा) एरर दिसते. पॅरिटी आहेच, मग शेवटचे दोन बाइट न तपासता रीडिंग घेतलं तर चालेल का?

बिटबहाद्दर: नका काढू. एकाच बाइटमधले दोन बिट उलटले तर पॅरिटीला पत्ताही लागत नाही. सीआरसी-१६ मात्र सलग १६ बिटांच्या पट्ट्यातला कुठलाही बिघाड पकडतोच. साध्या बेरजेचा चेकसम लावायचा विचार असेल तर तोही सोडा: दोन बाइटांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते, आणि मीटर सीआरसीशिवाय दुसरं काही मानणारही नाही.

प्रत्येक फ्रेम (एक पूर्ण संदेश) चुकते की अधूनमधून? प्रत्येक चुकत असेल तर दोष कोडमध्ये. सीआरसी काढताना सुरुवातीची किंमत एफएफएफएफ, बिट उजवीकडे सरकवताना पॉलिनॉमियल (हिशोबात वापरायचा ठरलेला आकडा) ए००१, व्हेरिएबल अनसाइन्ड १६ बिट; इथले आकडे हेक्समध्ये. ०१ ०३ ०० ०० ०० ०ए दिल्यावर पुढे सी५ सीडी जायला हवं. सीडी सी५ जात असेल तर बाइटांचा क्रम उलटा झालाय. मॉडबसमध्ये सीआरसीचा खालचा बाइट आधी जातो.

खटपट्या: सी५ सीडीच येतंय. एरर अधूनमधून, शेवटच्या मीटरला जास्त. कधीकधी नुसताच टाइमआउट.

तारतंत्री: मग कोड सोडा, वायरिंग बघा. सगळ्यांचा सप्लाय बंद करून लाइनच्या ए आणि बी या दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावा. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेशन रेझिस्टर (सिग्नल टोकावरून परत फिरू नये म्हणून) असतील तर साधारण ६० दिसेल. १२० दिसले तर एका टोकाचा रेझिस्टर नाही, ४० दिसले तर कुणीतरी मधल्या मीटरचाही टर्मिनेशन स्विच चालू ठेवलाय (हे फार होतं). वायर एका मीटरवरून पुढच्यावर जायला हवी, एकाच जागेवरून सगळ्या मीटरना फाटे (स्टार-जोडणी) नकोत.

टाइमआउटचं कारण बहुधा डीई पिन (आपल्या बाजूने लाइनवर पाठवणं चालू-बंद करणारी). बफर रिकामा झाला म्हणून ती लगेच खाली आणली तर शेवटचा बाइट अर्धवट जातो, आणि चुकलेल्या सीआरसीला मीटर उत्तरच देत नाही. ट्रान्समिट पूर्ण झाल्याचा फ्लॅग येईपर्यंत थांबा. उलट पिन उशिरा सोडली तर उत्तराचा पहिला बाइट हुकतो.

बिटबहाद्दर: दोन फ्रेममध्ये साडेतीन कॅरेक्टरची शांतता ठेवा, ९६०० ला सुमारे ४ मिलिसेकंद. चुकलेली फ्रेम टाकून पुन्हा विचारा. तरीही नाही जमलं तर रीडिंग ‘अवैध’ दाखवा, जुना आकडा तसाच ठेवू नका.