श्रिंक प्लास्टिकची पाटी, पेन्सिल, दप्तर... पहिलीच्या मुलांसाठी करायचंय, मदत हवी

पाटीवाली_बाई

नमस्कार सगळ्यांना. मी सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात पहिलीला शिकवते, पटावर २८ मुलं आहेत. जूनमध्ये शाळा सुरू झाली की दरवर्षी एकच गोंधळ, दप्तरं बहुतेकांची सारखी दिसतात, मग याचं दप्तर त्याच्या घरी जातं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रडारड. पहिलीच्या मुलांना नाव लिहिलेलं वाचताही येत नाही ना अजून, म्हणून मनात आलं की प्रत्येकाच्या दप्तराच्या चेनला एक छोटं चित्र अडकवायचं, ज्याचं त्याने स्वतः काढलेलं, म्हणजे आपलं दप्तर चित्रावरून ओळखता येईल.

भाचीने पुण्याहून येताना श्रिंक प्लास्टिकचे शीट आणले होते, त्यावर चित्र काढून गरम केलं की ते आक्रसून छोटं जाड होतं. मला फारच आवडलं. विषय शाळेच्या वस्तूंचाच घ्यायचाय. पण नेटवर शोधलं तर सगळीकडे लाल सफरचंद, पिवळी बस आणि गुलाबी रबर लावलेली पिवळी पेन्सिल. आमची मुलं वस्तीवरून पायी येतात हो, त्यांच्या हातात लाल-काळ्या पट्ट्यांची पेन्सिल असते, पाटी असते, खोडरबर, गिरमिट, दुरेघी वही. मला तेच हवंय, त्यांनी हातात धरलेलं त्यांनीच काढलेलं.

आता अडचणी. घरी ओव्हन नाही. शेजारी मायक्रोवेव्ह आहे, त्यात २ मिनिटं ठेवलं तर शीटला काहीही झालं नाही, जसंच्या तसं. मग बहिणीकडे ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये केलं तर पहिली पेन्सिल गुंडाळली ती स्वतःलाच चिकटून बसली, आणि दुसरी नीट झाली पण लाल रंग एवढा गडद झाला की काळ्या पट्ट्या दिसेनाच. शिवाय शीट महाग पडतात म्हणून मिठाईच्या पारदर्शक डब्याचं झाकण कापून बघितलं, ते वेडंवाकडं होऊन पांढरं पडलं. कुणी केलंय का हे? अगदी बारीकसारीक सांगितलं तरी चालेल, मला वर्गात मुलांसमोर चुकायचं नाहीये.

डोंबिवलीची_मावशी

बाई, कल्पना किती छान आहे! मी ५-६ वर्षं कीचेन आणि कानातले करते ह्याचे, त्यामुळे जे हातून घडलंय तेच सांगते.

रंगाचं आधी. आक्रसल्यावर तेवढाच रंग छोट्या जागेत येतो म्हणून गडद होतो, त्यामुळे रंग अगदी फिका द्यायचा, बघताना वाटलं पाहिजे की काहीतरी राहिलंय रंगवायचं. लाल पेन्सिलीसाठी लाल रंग नाहीच वापरायचा, गुलाबी किंवा नारिंगी हलक्या हाताने फिरवा, भाजल्यावर तो बरोबर लाल होतो. नेहमीच्या रंगपेन्सिली चालतात, पण शीटची खरखरीत बाजू वर हवी. शीट दोन्हीकडून गुळगुळीत असेल तर बारीक पॉलिश पेपर, ४०० नंबरचा वगैरे, आधी आडवा मग उभा घासून घ्या, नाहीतर पेन्सिल धरतच नाही. स्केचपेन नको, पाण्याचा असतो, बोटाला लागून पसरतो. कडा काढायला परमनंट मार्कर. तेलखडू अजिबात नको, उष्णतेत वितळतो आणि सगळीकडे माखतो.

आकार गुबगुबीत ठेवा. तुमची पेन्सिल गुंडाळली कारण ती लांब आणि बारीक असणार. पेन्सिल खरी असते तशी सडपातळ काढायचा मोह होतो पण तशी पट्टी पहिली वळते. रुंदी लांबीच्या निदान तिसरा हिस्सा ठेवा, बुटकी जाडी पेन्सिल दिसायलाही गोड दिसते. कोपरे सगळे गोल कापा, भाजल्यावर टोकदार कोपरा चांगला कडक होतो आणि लहान मुलाच्या हाताला लागतो. आणि भोक आधी पाडायचं!! ऑफिसच्या पंचिंग मशीनने पाडलं की ६ मिमीचं भोक शेवटी अडीच मिमीच्या आसपास राहतं, त्यात छोटी कडी बरोबर जाते. नंतर भोक पाडायला गेलात तर तुकडा तडकतो. कडेपासून अर्धा सेमी तरी आत घ्या.

चिकटण्यावर उपाय म्हणजे तुकड्याच्या दोन्ही बाजूंना टाल्कम पावडर बोटाने पुसटशी लावायची, मग गुंडाळला तरी आपोआप सुटतो. नाही सुटला तर गरम असतानाच सांडशीने हलकेच उलगडून परत आत ठेवा.

रसायनवाले_काका

मायक्रोवेव्हचं सांगतो. हे प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, त्याच्यावर मायक्रोवेव्हचा परिणामच होत नाही, पाण्यासारखं ते तापत नाही. त्याच मशीनला कन्व्हेक्शन मोड असेल तर मात्र चालेल, तेव्हा ते साध्या ओव्हनसारखंच गरम हवेवर चालतं.

आक्रसतं का, हे मुलांनाही सांगता येईल असं आहे. कारखान्यात हे शीट गरम असताना दोन्ही दिशांना ताणतात आणि ताणलेलं असतानाच गार करतात, म्हणजे आतले लांब लांब रेणू ताणलेल्या अवस्थेत अडकून पडतात. साधारण १०० अंश सेल्सिअसच्या पुढे नेलं की ते मोकळे होतात आणि पुन्हा गुंतून गोळा व्हायला लागतात. वजन तेवढंच राहतं, म्हणून लांबी-रुंदी कमी झाली तेवढी जाडी वाढते. लांबी-रुंदी ४० टक्क्यांवर आली तर जाडी सहा पटीच्या वर जाते, म्हणजे ०.३ मिमीचं शीट जवळजवळ २ मिमी. वाकतं का तर एक बाजू आधी तापते, ती आधी आक्रसते, दुसरी मागे राहते. तीही तापली की परत सपाट होतं. म्हणून वाकायला लागलं की घाबरून बाहेर काढू नका, बऱ्याच जणांचं तिथेच बिघडतं.

मिठाईच्या डब्याच्या तळाला त्रिकोणात आकडा असतो तो बघा. तुमचा बहुतेक १ असणार, म्हणजे पेट (PET, पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक), ते पांढरं पडून वेडंवाकडं होतं. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, तेही नको. ६ असेल आणि पारदर्शक कडक असेल तरच प्रयत्न करा, तोही फक्त सपाट भागावर, कारण डब्याच्या कडांना प्लास्टिक कमीजास्त ताणलेलं असतं. थर्माकोलवरही ६ च असतो पण ते फुगवलेलं असतं, ते ह्या कामाचं नाही. २८ मुलांसाठी विकतचं शीटच घ्या असं माझं मत, एकाचं चित्र नीट झालं आणि शेजारच्याचं वाकडं झालं तर त्या वयात फार लागतं मनाला.

आणि एक कळकळीने, खिडक्या उघड्या ठेवून करा, जळू देऊ नका. पॉलिस्टायरीन जास्त तापलं की निघणारा वास चांगला नाही. खायच्या पदार्थांचा ट्रे वापरू नका, वेगळा पत्रा ठेवा. भाजताना मुलांनी लांबून बघायचं.

न्यूजर्सीची_सुनंदा

इथे अमेरिकेत हा प्रकार बराच जुना आहे, विस्कॉन्सिनमधल्या ब्रुकफिल्ड गावातल्या दोन आयांनी १९७३ मध्ये मुलांच्या स्काउट गटाच्या प्रोजेक्टसाठी काहीतरी शोधताना सुरू केला, तेच पुढे श्रिंकी डिंक्स म्हणून बाजारात आलं. म्हणजे मुळात तुमच्यासारख्याच कुणीतरी मुलांसाठी केलेलं काम आहे बाई.

आम्ही रविवारच्या मराठी शाळेत केलं होतं. इथल्या पाकिटावर ३२५ फॅरनहाइट असतं, म्हणजे १६३ सेल्सिअस. पारदर्शक शीटवर खरखरीत बाजूने काढून गुळगुळीत बाजूने बघितलं की चित्राला काचेसारखी चमक येते, पण अक्षरं उलटी दिसतात! आमच्या अर्ध्या मुलांचा 'क' उलटा झाला, मग कळलं. अक्षर घालायचं असेल तर कागदावर आधी सुलटं लिहून कागद पालथा घालायचा, खिडकीच्या काचेवर धरायचा आणि त्यावरून गिरवायचं. इथे वाढणाऱ्या मुलांनी पाटी पाहिलेलीच नव्हती, आईने भारतातून येताना एक खरी आणली ती समोर ठेवली आणि मग काढायला लावलं, त्या दिवशी तासभर सगळ्यांनी त्या पाटीवरच लिहून पुसून बघितलं, प्लास्टिक राहिलं बाजूला.

पाटीवाली_बाई

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. सुनंदाताई, पाटीचं वाचून माझ्या डोक्यात एक आलंय. दसऱ्याला आमच्याकडे मुलं पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढतात आणि पूजा करतात, तर दसऱ्याच्या आधी प्रत्येकाची एक छोटी पाटी करायची, त्यावर ती सरस्वती. पण काळी पाटी कशी करायची, सगळा काळा रंग दिला तर गडद होऊन पांढरं काही दिसेल का? आणि मावशी, एका ए४ शीटमध्ये किती होतील? ओटीजी बहिणीचाच आणीन दोन दिवसांसाठी, पण हेअर ड्रायरने जमतं का तेही सांगा, शाळेत समोर करता आलं असतं.

डोंबिवलीची_मावशी

हेअर ड्रायरने नाही होत, तेवढा तापत नाही तो. हीट गन लागते, पण तिच्या हवेने तुकडा उडतो, लाकडी काडीने दाबून धरावा लागतो आणि एका बाजूने आधी आक्रसतो. २८ तुकडे तसे करू नका, ओटीजीच आणा. १५० ते १६० वर १० मिनिटं आधी तापवून ठेवा, पत्र्यावर बेकिंग पेपर, मधल्या जाळीवर. मेणाचा कागद नको हं, तो वितळतो. एका वेळी ४-५ तुकडे, एकमेकांपासून लांब. अर्ध्या मिनिटात वळवळायला लागतात, दीड-दोन मिनिटांत सपाट. सपाट झाल्यावर आणखी १० सेकंद मोजा आणि काढा. बाहेर येताक्षणी वर बेकिंग पेपर आणि त्यावर सपाट बुडाचं स्टीलचं भांडं दाबून १५ सेकंद. मग कायमचं सरळ.

६ बाय ८ सेमीचे तुकडे घेतलेत तर ए४ मध्ये ९ बसतात, म्हणजे २८ मुलांना ४ शीट आणि ८ तुकडे शिल्लक. तयार झाल्यावर साधारण अडीच बाय सव्वातीन सेमी. पण आधी त्याच पाकिटातला १० सेमीचा चौकोन भाजून मोजा, कारण दोन्ही दिशांना अगदी सारखं आक्रसत नाही, एकीकडे ४ तर दुसरीकडे साडेचार असंही होतं. सगळ्यांचे तुकडे शीटवर एकाच दिशेने कापा म्हणजे सारखे दिसतील.

पाटीला आधी काळं करूच नका. फक्त लाकडी चौकट तपकिरी रंगपेन्सिलीने फिकी रंगवा आणि भाजा. गार झाल्यावर मधला भाग मागून काळ्या अ‍ॅक्रिलिक रंगाने रंगवा, भाजायच्या आधी अ‍ॅक्रिलिक दिला तर तडे जातात. मग पुढून पांढऱ्या पेंट मार्करने सरस्वती. अगदी खऱ्या पाटीसारखी दिसते. वरून चमक द्यायला नेलपॉलिश लावतात काही जण, ते टाळा, त्यातलं द्रावण ह्या प्लास्टिकला खातं. पाण्यावरचं वॉर्निश पातळ हाताने लावा. रंगपेन्सिलीचा रंग दप्तरावर घासून निघतो म्हणून हे लावाच.

निळी_शाई

मी वरच्या वर्गाला गणित शिकवतो, पाचवी-सहावीला. हे वाचून कालच करून बघितलं, कंपासपेटीतल्या वस्तू घेतल्या. गुण्या मस्त झाला, मधलं त्रिकोणी भोक कापताना त्याच्या तिन्ही कोपऱ्यांना आधी पंचने गोल भोक पाडलं, नाहीतर कापताना तिथून फाटत होतं. कोनमापकाने मात्र मला दिवसभर विचारात पाडलं. मुलांना विचारलं की भाजल्यावर ९० चा कोन केवढा होईल, तर बहुतेक जण ३६ म्हणाले, चाळीस टक्के म्हणून. मग ओव्हनमधून काढून खऱ्या कोनमापकावर ठेवला, ९० चा ९०! पट्टीवरचा एक सेमी मात्र ४ मिमी झाला होता. नीट मोजलं तर एका बाजूला जास्त आक्रसल्यामुळे ४५ चा कोन दोन-तीन अंशांनी सरकला होता, तोही एका मुलीनेच दाखवला. प्रमाण शिकवायला माझ्या हातात इतकं चांगलं साधन आजवर आलं नव्हतं. कर्कटक मात्र नका करू, पाय बारीक असल्याने वळून एकमेकांना चिकटतात.

पाटीवाली_बाई

झाली सगळी! चारही शीट संपली, ३६ पैकी ३३ चांगले निघाले. मुलांनी एक दिवस फक्त आपापली वस्तू समोर ठेवून बघितली आणि कागदावर काढली, दुसऱ्या दिवशी शीटवर गिरवली, मी आणि बहिणीने लांब टेबलावर भाजलं आणि मुलं काचेतून वाकणारे तुकडे बघून ओरडत होती, "बाई उठलं, बाई बसलं". ९ पेन्सिली, ७ दप्तरं, ५ पाट्या, बाकी खोडरबर, वह्या आणि एक पाण्याची बाटली. गुलाबी रंगाचा लाल झाला बरोबर, काळ्या पट्ट्या स्पष्ट दिसतात.

एका मुलाने खोडरबर काढलं ते एका कोपऱ्यातून खाल्लेलं, कारण त्याचं तसंच आहे. मी नीट चौकोनी काढ म्हणणार होते, थांबले. वर्गात खोडरबरं चार आहेत पण त्याला आपलं लांबूनही ओळखू येतं.

दप्तरांची अदलाबदल गेल्या आठवड्यात एकदाही झाली नाही. कडी निसटू नये म्हणून डबल रिंग वापरली, ती चेनच्या भोकात घट्ट बसते. आता दसऱ्याच्या पाट्यांसाठी मावशी, तो पांढरा पेंट मार्कर किती जाडीचा घेऊ? एकाचे आकडे फार बारीक आहेत.

डोंबिवलीची_मावशी

०.७ मिमीचा घ्या. पाटी जरा मोठी करा, ८ बाय १० सेमीचा तुकडा, म्हणजे मधे आकड्यांना जागा मिळेल. आणि त्या खाल्लेल्या खोडरबराचा फोटो टाका ना इथे.