ऊर्जा ‘संक्रमण’ की ऊर्जा ‘स्थित्यंतर’?

प्रश्न : भारताच्या वीजक्षेत्रावरील एका लेखाचे मराठीकरण करताना अडलो आहे. कोळशाकडून सौर आणि पवन विजेकडे होऊ घातलेल्या वाटचालीला ‘संक्रमण’ म्हणावे की ‘स्थित्यंतर’? करोनानंतर ‘संक्रमण’ म्हटले की आधी रोगच आठवतो.

प्रतिसाद : रोगाचा तो अर्थ हिंदीतून आलेला आहे, आपल्याकडे त्यासाठी ‘संसर्ग’ हा शब्द असताना केवळ त्या धास्तीने ‘संक्रमण’ टाकून देऊ नये. ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे, म्हणून संक्रमणात चालणे आहे, पोहोचणे नाही. (संक्रमण शिबिरात लोकांची हयात जाते, हे उदाहरण येथे नको तितके चपखल आहे.) ‘स्थित्यंतर’ म्हणजे मात्र स्थिती पालटून झालेली असणे.

आता आपल्या विषयाकडे पाहावे. २०२५च्या मध्यास देशाच्या स्थापित क्षमतेत (उभारलेली सगळी केंद्रे पूर्ण ताकदीने चालली तर जितकी वीज देऊ शकतील तिच्यात) जलविद्युत आणि अणुऊर्जा धरून बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर गेला, परंतु २०२४-२५ या आर्थिक वर्षात प्रत्यक्ष निर्माण झालेल्या विजेपैकी ७० टक्क्यांहून अधिक वीज कोळशाचीच होती. सौर पॅनेल दिवस मावळताच शून्यावर येते आणि नेमकी त्याच सुमारास घरोघरी दिवे लागतात. ती मागणी चंद्रपूरच्या २९२० मेगावॅटच्या केंद्रासारखी औष्णिक केंद्रे उचलतात. म्हणून ‘निम्मी वीज स्वच्छ झाली’ हे वाक्य चूक आणि ‘निम्मी क्षमता’ हे बरोबर. आपल्या मूळ लेखात यांपैकी कोणते विधान आहे ते आधी तपासावे, कारण ‘क्षमता’ आणि ‘निर्मिती’ यांची गल्लत शीर्षकातल्या शब्दापेक्षा अधिक नुकसान करते. तूर्त तरी मी ‘संक्रमण’च लिहीन.

दुसरा प्रतिसाद : सहमत आहे. याच लेखात ‘फेज डाउन’ आले असेल, तर तेथेही जपावे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत अगदी अखेरच्या घटकेला भारताच्या आग्रहाने मसुद्यातील ‘फेज आउट’च्या जागी ‘फेज डाउन’ घातले गेले. पहिल्याचा अर्थ कोळशाची वीज टप्प्याटप्प्याने बंद करणे, दुसऱ्याचा टप्प्याटप्प्याने कमी करणे. दोन्हींसाठी ‘कोळसा हद्दपार’ असे लिहिले, तर ज्या एका शब्दासाठी वाटाघाटी अडल्या तोच मराठीत पुसला जातो.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मूळ वाक्य तपासले; ते क्षमतेबद्दलच होते आणि मी ‘वीज’ लिहून बसलो होतो. शीर्षकात ‘संक्रमण’ ठेवतो. ‘कोळशावर संक्रांत’ असे उपशीर्षक सुचले होते, पण खाणींवर पोट असणाऱ्यांच्या गावांत तो श्लेष कसा वाचला जाईल, हे लक्षात येताच खोडले.